वाचक विचारतात : १९४३ साली जगात काय चालले होते?

बडोद्यातील जुन्या मराठी घरांत जपून ठेवलेल्या १९४३ सालच्या रोजनिश्या, पत्रे आणि जन्मपत्रिका यांविषयी मागील अंकात लिहिले होते. त्यावर आलेल्या प्रश्नांपैकी ज्यांचा संबंध त्या वर्षीच्या जागतिक घडामोडींशी आहे, तेवढेच या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : १९४३ हे महायुद्धाला कलाटणी देणारे वर्ष, असे सर्वत्र म्हटले जाते. परंतु कोणी स्टालिनग्राडचे नाव घेतो, कोणी कुर्स्कचे. आपल्या मते निर्णायक घटना कोणती? (निवृत्त शिक्षक, दांडिया बाजार)

उत्तर : स्टालिनग्राडचे महत्त्व कोणी नाकारणार नाही. ३० जानेवारीला हिटलरने तेथे वेढल्या गेलेल्या जर्मन सैन्याचे सेनापती पाउलस यांना फील्ड मार्शलचे पद दिले, ते या हिशेबाने की आजवर एकही जर्मन फील्ड मार्शल जिवंतपणी शत्रूच्या हाती लागलेला नव्हता. पाउलस दुसऱ्याच दिवशी शरण गेले आणि २ फेब्रुवारीला उरलेल्या फौजेनेही शस्त्रे ठेवली. कैद झालेल्या सुमारे ९१,००० सैनिकांपैकी मायदेशी परतले ते जेमतेम सहा हजार. तरीही माझे मत विचाराल, तर मी मे महिन्यातील अटलांटिक महासागराकडे बोट दाखवीन. तेथे एक ठळक लढाई झाली नाही, त्यामुळे शालेय पुस्तकांत तिला एखादी ओळच मिळते. पण त्या वर्षीचा प्रत्येक मोठा निर्णय अखेर हाताशी जहाजे किती आहेत, या एका प्रश्नापाशी येऊन थांबत होता.

मार्चमध्ये जर्मन पाणबुड्यांनी संरक्षक नौकांसोबत ब्रिटनकडे निघालेल्या व्यापारी जहाजांच्या दोन ताफ्यांतील मिळून २२ जहाजे बुडवली, तेव्हा ताफ्यांची पद्धतच मोडीत निघते की काय, अशी शंका लंडनमध्ये घेतली जाऊ लागली. दोन महिन्यांत चित्र पालटले. लांब पल्ल्याची लिबरेटर विमाने, पाण्यावर आलेली पाणबुडी अंधारातही हुडकणारे नवे रडार, ताफ्यासोबत जाणाऱ्या छोट्या विमानवाहू नौका आणि जर्मनांचे सांकेतिक संदेश उलगडणारी ब्रिटिश मंडळी, या सर्वांचा एकत्रित परिणाम म्हणून मे महिन्यात ४१ जर्मन पाणबुड्या नष्ट झाल्या. त्यांपैकी एकीवर जर्मन नौदलप्रमुख ड्योनिट्झ यांचा मुलगा होता. २४ मे रोजी ड्योनिट्झ यांनी उत्तर अटलांटिकमधून पाणबुड्या मागे घेतल्या.

त्याच महिन्यात, १३ मे रोजी, ट्युनिशियातील जर्मन आणि इटालियन सैन्याचा प्रतिकार संपला. दोन लाखांहून अधिक सैनिक कैद झाले, आणि त्यांचे सेनापती फॉन आर्निम चौथ्या भारतीय डिव्हिजनच्या हाती लागले, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. भूमध्य समुद्र खुला झाल्यामुळे आफ्रिकेला वळसा घालून जाणाऱ्या जहाजांचे कित्येक आठवडे वाचू लागले. १० जुलैला दोस्त फौजा सिसिलीत उतरल्या, आणि रशियातील कुर्स्कवर ५ जुलैला सुरू झालेली जर्मन चढाई थांबवण्याचा निर्णय हिटलरने १३ तारखेला घेतला, त्यामागे सिसिलीची चिंताही होती. म्हणून कुर्स्क आणि अटलांटिक यांना एकमेकांविरुद्ध उभे करणे मला पटत नाही.

प्रश्न : आमच्या आजोबांच्या रोजनिशीत इटलीने हार पत्करल्याची नोंद ९ सप्टेंबरला आहे, एका पुस्तकात मात्र ३ सप्टेंबर दिले आहे. खरे काय? (वाचक, रावपुरा)

उत्तर : दोन्ही. मुसोलिनीला २५ जुलै रोजीच पदच्युत करण्यात आले होते. बादोल्यो यांच्या नव्या सरकारने ३ सप्टेंबरला सिसिलीतील कासिबिले येथे दोस्त राष्ट्रांशी केलेल्या तहावर गुपचूप सही केली, आणि तो जाहीर झाला ८ तारखेच्या संध्याकाळी. तेव्हा आपल्याकडे रात्र झालेली असल्यामुळे ऐन गणेशोत्सवात लिहिलेली आजोबांची ९ तारखेची नोंद अगदी स्वाभाविक आहे. पुढे १२ तारखेला जर्मनांनी मुसोलिनीची सुटका केली आणि इटलीतील युद्ध आणखी दीड वर्षाहून अधिक काळ रेंगाळले, हे त्या दिवशी कोणाला ठाऊक असणार?

प्रश्न : बंगालच्या दुष्काळाला महायुद्ध जबाबदार होते, की पीकच बुडाले होते? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, बडोदे)

उत्तर : ऑक्टोबर १९४२ मध्ये मेदिनीपूरच्या किनाऱ्याला वादळाचा मोठा तडाखा बसला आणि पिकाची हानी झाली, हे खरे आहे. परंतु अमर्त्य सेन यांनी आकडे तपासून दाखवले की १९४३ साली बंगालमध्ये उपलब्ध असलेले धान्य आधीच्या वर्षांच्या सरासरीपेक्षा फार कमी नव्हते. १९४१ साली तर ते याहूनही कमी होते आणि त्या वर्षी दुष्काळ पडला नव्हता. जपानने ब्रह्मदेश घेतल्यामुळे तेथून येणारा तांदूळ बंद झाला. जपानी सैन्य आलेच तर त्याच्या हाती लागू नयेत म्हणून सरकारने किनारपट्टीतील मोठ्या होड्या काढून घेतल्या किंवा निकामी केल्या, त्यामुळे मासेमारी आणि धान्याची ने-आण दोन्ही बसली. युद्धखर्चाने भाव भडकले. कलकत्त्यातील कारखान्यांच्या कामगारांना सवलतीचे धान्य मिळत राहिले, आणि खेड्यातील शेतमजूर, कोळी व कारागीर यांच्या मजुरीत पोटापुरता तांदूळ येईनासा झाला.

येथे पुन्हा जहाजांचा प्रश्न येतो. वर्षाच्या आरंभी हिंदी महासागरातील बरीच व्यापारी जहाजे अटलांटिककडे वळवण्यात आली, आणि भारतातून धान्याची मागणी होत असताना लंडनमधील युद्धमंत्रिमंडळ जहाजांच्या टंचाईकडे बोट दाखवत राहिले. मे महिन्यानंतर अटलांटिकमधील हानी उतरली, तरीही ते उत्तर फारसे बदलले नाही. म्हणून केवळ टंचाईचे कारण मला पुरेसे वाटत नाही. कोणाची भूक आधी मोजायची, याचा तो निर्णय होता. २२ ऑगस्टला कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’ने उपासमारीची छायाचित्रे छापली, आणि ऑक्टोबरमध्ये व्हाइसरॉय झालेल्या वेव्हेल यांनी मदतकार्यासाठी सैन्य लावले. सरकारी चौकशी आयोगाने मृत्यूंचा आकडा १५ लाख दिला. नंतरचे अनेक अभ्यासक तो ३० लाखांच्या घरात नेतात.

प्रश्न : नेताजी जर्मनीहून पाणबुडीने आले, ते याच वर्षी का? (वाचक, मांडवी)

उत्तर : होय. फेब्रुवारीत ते आबिद हसन यांच्यासह कील बंदरातून निघाले, एप्रिलच्या अखेरीस मादागास्करजवळ भर समुद्रात जपानी पाणबुडीवर चढले, जुलैच्या आरंभी सिंगापूरला पोहोचले आणि २१ ऑक्टोबरला, दिवाळीच्या तोंडावर, त्यांनी आझाद हिंद सरकारची घोषणा केली.

प्रश्न : ब्रिटिश हवाई दलात ‘बडोदा’ नावाची तुकडी होती, ही ऐकीव गोष्ट आहे का? (वाचक, वाडी)

उत्तर : ऐकीव नाही. बडोदे संस्थानाने दिलेल्या देणगीमुळे १२४ व्या तुकडीला ते नाव मिळाले होते. १९४३ साली ही तुकडी इंग्लंडमधून स्पिटफायर विमाने उडवत होती.

प्रश्न : १९४३ साली जन्मलेल्या माझ्या आईच्या दोन पत्रिका आहेत आणि त्यांतील जन्मवेळेत बरोबर एक तासाचा फरक आहे. कोणती धरावी? (वाचक, बडोदे)

उत्तर : हाही युद्धाचाच परिणाम दिसतो. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत भारतातील घड्याळे प्रमाणवेळेच्या एक तास पुढे ठेवली होती. एका ज्योतिषाने घड्याळात दिसलेली वेळ तशीच घेतली असावी आणि दुसऱ्याने तो तास वजा केला असावा. जन्माची मूळ टिपणे घरात सापडली, तर ती वेळ घड्याळाची आहे की सूर्योदयापासून मोजलेल्या घटकांची, हे आधी पाहावे. घड्याळाची असेल तर एक तास वजा करावा. घटकांत असेल तर काहीही वजा करू नये.