चित्रकाराने टॅटूच्या कामाकडे वळताना

तुमची रेखाटने पाहिली. रेषेवर तुमचा ताबा आहे, यात शंका नाही. तरीही त्वचेतली रेषा कागदावरच्या रेषेसारखी वागत नाही. सुईने शाई बाह्यत्वचेच्या खाली असलेल्या थरात, साधारण १ ते २ मिलिमीटर खोलीवर सोडायची असते. ती वरच राहिली तर काही आठवड्यांत फिकट होते, आणि फार खोल गेली तर रेषेभोवती निळसर छाया पसरते, जी पुसता येत नाही. शिवाय वर्षांगणिक प्रत्येक रेषा थोडी जाडावते. म्हणून पुस्तकांतील चित्रांसाठी तुम्ही वापरता ती बारीक, दाट जाळीची छटा येथे टिकणार नाही. आकृती मोठी ठेवावी आणि रेषांमध्ये मोकळी जागा सोडावी. देवनागरीत नाव गोंदवून घ्यायचे असेल, तर 'ध' आणि 'घ' यांतला फरक दहा वर्षांनंतरही वाचता येईल एवढा आकार ग्राहकाकडून मान्य करून घ्यावा. (शुद्धलेखन मात्र त्याच्यावर सोपवू नये.)

सराव कृत्रिम त्वचेवर सुरू करावा, परंतु ती दचकत नाही, तिला घाम येत नाही. त्यामुळे अनुभवी कलाकाराच्या हाताखाली राहण्याला मला पर्याय दिसत नाही. सुरुवातीला स्टेन्सिल (त्वचेवर उमटवायच्या आकृतीचा छाप) काढणे आणि टेबल पुसणे एवढेच वाट्याला येईल. मशीन हाती घेण्यापूर्वी हेपॅटायटिस बी लशीचे सर्व डोस पूर्ण करावेत. जेथे एका ग्राहकाची सुई किंवा उरलेली शाई दुसऱ्यासाठी वापरली जाते, तेथे फुकट शिकवत असले तरी थांबू नये.