अ‍ॅपल बारचा तळ ओलसर राहू नये म्हणून काय करावे?

अमेरिकेत सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बागेतून आणलेल्या सफरचंदांचे सोपे बार (खाली-वर मैद्याचा थर आणि मध्ये फळ असलेल्या, ओव्हनमध्ये भाजलेल्या वड्या) करताना खालचा थर गिजगिजीत होतो, असे आपण विचारले आहे. त्याचे कारण बहुधा फळाला सुटणारे पाणी हेच असते. २५० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ आणि १५० ग्रॅम थंड लोणी बोटांनी चोळून रवाळ करावे. मुठीत दाबल्यावर मुटका वळला आणि बोट लावताच फुटला, की मिश्रण जमले असे समजावे. त्यातले दोन तृतीयांश मिश्रण २० सेंटिमीटरच्या चौकोनी साच्यात दाबून १८० अंश सेल्सिअसला १५ मिनिटे आधीच भाजून घ्यावे. ही पायरी अनेक जण गाळतात आणि तिथेच घोटाळा होतो. सुमारे ४०० ग्रॅम सफरचंदांच्या पातळ फोडींना थोडी साखर, दालचिनी, लिंबाचा रस आणि एक मोठा चमचा कॉर्नस्टार्च (कॉर्नफ्लोअर) चोळावे, म्हणजे सुटलेला रस आळतो. ग्रॅनी स्मिथ हे आंबट, घट्ट सफरचंद यासाठी उत्तम. मॅकिंटॉश जातीच्या सफरचंदाचा मात्र भाजताना गर होतो (चव वाईट नसते, पण फोड उरत नाही). फोडी भाजलेल्या तळावर पसरून, मिश्रणाचा उरलेला चुरा वर भुरभुरून, कडेने रस खदखदेपर्यंत, म्हणजे ३५ ते ४० मिनिटे भाजावे आणि पूर्ण गार झाल्यावरच वड्या पाडाव्यात.