सा नक्की कुठली पट्टी?

तुमचा गोंधळ मला समजला तो असा: क्लासच्या बाई काळी एकमध्ये शिकवतात, यूट्यूबवरचे गुरुजी पांढरी एकमध्ये, आणि दोघंही आपापल्या पट्टीला 'सा'च म्हणतात. मग खरा सा कोणाचा? शिवाय प्रारंभिकसाठी (गाण्याच्या पहिल्या परीक्षेसाठी) थाट, राग, सम, खाली यांच्या व्याख्या पाठ झाल्यात, पण डोक्यात काही शिरलेलं नाही. पहिला प्रश्न सुटला की बाकीचं सोपं जातं, म्हणून त्यावरच जास्त लिहितो.

दोघांचाही सा खरा. गाणाऱ्याच्या गळ्याला जी उंची सोसते तो त्याचा सा. पुरुषांचा साधारण काळी एकच्या आसपास, बायकांचा बहुधा काळी चार-पाचच्या. आपल्याकडे 'पट्टी' हा शब्द पेटीवरच्या पट्टीलाही वापरतात आणि गाण्याच्या उंचीलाही, त्यामुळे घोटाळ्यात भरच पडते.

पेटी उघडा. दोन काळ्या, तीन काळ्या असे गट दिसतील. दोनच्या गटाला लागून डावीकडची पांढरी ती पांढरी एक, त्या गटातली पहिली काळी ती काळी एक. पांढरी एकपासून उजवीकडे पांढऱ्या सात, काळ्या पाच. या बारा झाल्या की तेरावीवर पुन्हा तोच स्वर भेटतो, कंपनसंख्या दुप्पट झालेला. हे झालं एक सप्तक.

आता सा कुठलाही धरा आणि काळी-पांढरी न पाहता, एकही पट्टी न गाळता, सा सोडून त्याच्या पुढची पट्टी पहिली धरून मोजा. दुसरीवर रे, चौथीवर ग, पाचवीवर म, सातवीवर प, नवव्यावर ध, अकराव्यावर नि. हे शुद्ध स्वर. रे, ग, ध, नि एक पट्टी मागे आले की कोमल, म एक पट्टी पुढे गेला की तीव्र. सा आणि प जागचे हलत नाहीत, म्हणून ते अचल.

पांढरी एकपासून मोजलंत तर सगळे शुद्ध स्वर पांढऱ्यांवर पडतात. नवशिक्यांना ती सोपी वाटते ती एवढ्याचसाठी, आणि 'काळी म्हणजे कोमल' हा गैरसमजही इथलाच. काळी एकपासून मोजून बघा: सा, रे, म, प, ध काळ्यांवर, ग पांढरी चारवर आणि नि पुढच्या सप्तकातल्या पांढरी एकवर. मघाशी जी पांढरी चार 'म' होती, तीच आता शुद्ध 'ग' झाली. मी सुरुवातीला पांढऱ्या पट्ट्यांवर खडूने सारेगम लिहून ठेवलं होतं. एका भजनात गाणाऱ्या काकू "काळी चार द्या" म्हणाल्या आणि मी पूर्ण भजनभर नुसता सा दाबून बसलो. तेव्हा खडू नको. रोज तेच अलंकार (सारेग, रेगम असे सुरांचे सराव) दोन वेगळ्या पट्ट्यांतून वाजवा, बोटं आपोआप मोजायला लागतात.

थाट म्हणजे सात स्वरांचा साचा: कुठला स्वर शुद्ध, कुठला कोमल, कुठला तीव्र एवढंच तो सांगतो. पं. भातखंड्यांनी राग लावून ठेवायला असे दहा थाट घेतले. थाट कोणी गात नाही, गातात तो राग. फरक ऐकायचा तर भूप आणि देशकार घ्या. दोन्हींत सा रे ग प ध हेच पाच स्वर, म्हणून दोघांची जाती औडव, म्हणजे पाच स्वरांची. पण भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरी गंधारावर (ग) विसावतो, तर सकाळचा देशकार धैवताभोवती (ध) फिरतो. म्हणून भूपाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, ग, देशकाराचा ध. थाटही वेगळे, कल्याण आणि बिलावल. वादी आणि संवादी (त्याच्या खालोखालचा स्वर) यांची व्याख्या पाठ करण्यापेक्षा एक संध्याकाळ आणि एक सकाळ या दोघांना द्या.

तालाचं थोडक्यात. लय म्हणजे चाल, वेग. ताल म्हणजे ठरावीक मात्रांचं, म्हणजे ठोक्यांचं, आवर्तन. त्रितालाच्या मात्रा 16, टाळ्या पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर, खाली (जिथे टाळी न देता हात मोकळा सोडतात ती जागा) नवव्यावर. पहिली मात्रा ती सम. त्रितालाचा ठेका (तबल्यावरचे ठरलेले बोल) लावा आणि फक्त डग्गा, म्हणजे डाव्या हाताचा घुमणारा तबला, ऐका: दहाव्या मात्रेपासून त्याचा घुमारा थांबतो, चौदाव्याच्या 'धिं'ला परत येतो. तो परतला की समजा, सम तीन मात्रांवर आली. आकडे न मोजता सम पकडायचा माझ्या माहितीतला हाच सोपा मार्ग. रूपक मात्र आत्ता नको, त्याची समच खालीवर असते.

आणि बाईंना एकदा विचारा की काळी एक तुमच्या गळ्याला जुळते म्हणून निवडली, की वर्गात सगळ्यांना मिळून एकच पट्टी हवी म्हणून. तार सा (वरच्या सप्तकातला) लावताना मान वर जात असेल किंवा मंद्र प (खालच्या सप्तकातला) ऐकूच येत नसेल, तर घरी रियाजाला दुसरी पट्टी घ्यायला काहीच हरकत नाही.