दहावीला हॉकी बंद करायची का?

प्रश्न : ताई, मुलगी नववीत आहे. रोज संध्याकाळी नेहरूनगरच्या मेजर ध्यानचंद स्टेडियमवर हॉकीला जाते, मिडफिल्डला खेळते. भारताकडून खेळायचंय म्हणते. तिचे बाबा म्हणतात, दहावीचं वर्षभर हॉकी बंद, पुढचं पुढे बघू. आंतरराष्ट्रीय खेळाडू झाली तरी खेळणार किती वर्षं? आणि पोटापाण्याचं काय?
– एक आई, भोसरी

उत्तर : बंद करू नका. परीक्षेच्या तोंडावर कमी करा हवं तर. सब-ज्युनियर, ज्युनियरच्या निवड चाचण्या याच वयात असतात आणि हातही याच वयात बसतो. पाणी मारलेल्या टर्फवर चेंडू सरसरत येतो. तो स्टिकवर घेताना मनगट किती सैल सोडायचं, हे वर्षभराच्या खंडानंतर पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागतं. एकदा कठड्यावर बसून बघा : पास यायच्या आधी ती मान वळवून मागे कोण आहे ते बघते का? बघत असेल तर पोरगी खेळ वाचतेय. मिडफिल्डरचं निम्मं काम तेच.

राणी रामपाल पंधराव्या वर्षी वर्ल्ड कप खेळली, पण हे बाबांना सांगू नका. ‘लाखात एक’ म्हणून मोकळे होतील. त्यांना वंदना कटारिया सांगा. २००९ मध्ये भारताकडून पहिला सामना, एप्रिल २०२५ मध्ये निवृत्ती. ३२० सामने, १५८ गोल. म्हणजे ‘किती वर्षं’ला उत्तर आहे. पण त्या वर्षांत काय काय येतं तेही ऐका. २०२१ मध्ये टोकियोच्या आधी वडील गेले तेव्हा ती बंगळूरच्या शिबिरात होती, घरी जाता आलं नाही. त्याच ऑलिंपिकमध्ये दक्षिण आफ्रिकेला ४-३ हरवताना तिने हॅटट्रिक केली. ऑलिंपिक हॉकीत भारतीय बाईची ती पहिलीच. आपण चौथे आलो. पुढे जानेवारी २०२४ मध्ये रांचीच्या पात्रता स्पर्धेच्या तोंडावर तिच्या गालाचं हाड मोडलं. ती बाहेर बसली, जपानने आपल्याला १-० हरवलं आणि पॅरिस ऑलिंपिक हुकलं. सोळा वर्षांत हेही धरायचं.

(आणि राणी हरयाणाची, वंदना उत्तराखंडची, हे सगळं तिकडेच होतं, असं कोणी म्हणालं तर १९८२ च्या एशियाडमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या संघाची कप्तान एलिझा नेल्सन पुण्यात जन्मलेली आहे, एवढं ऐकवा.)

पोटापाण्याचं म्हणाल तर रेल्वे हा महिला हॉकीचा जुना आधार. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षणही आहे. पण नोकरी दारात चालत येत नाही. सविता पुनिया भारताची गोलकीपर असतानाही तिला नोकरीसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागलं. म्हणून शिक्षण सोडायचं नाही, यात मी बाबांच्या बाजूने आहे.

मुलगी नियमात बसत असेल तर दहावीला क्रीडागुण मिळतात. शाळेकडून प्रस्ताव वेळेत जातोय ना, ते आत्ताच विचारून ठेवा. मार्चमध्ये धावाधाव नको. प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र फाइलला लावा, पुढे पडताळणीला मूळ प्रतच मागतात. आणि कौतुकाने लॅमिनेट करून आणू नका.