दारूगोळा कारखान्यात मरण पावलेल्या नागरी कामगारांच्या स्मारकावर काय कोरावे?

युद्धकाळात दारूगोळ्याच्या कारखान्यांत मरण पावलेल्या नागरी कामगारांची स्मारके कुठे आहेत का, आणि आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यासारख्या ठिकाणी असे स्मारक करायचे ठरले तर त्यावर काय असावे, असे आपण विचारले आहे. अशी स्मारके आहेत. मी इंग्लंडमध्ये लीड्स येथे राहतो, म्हणून इंग्लंडमधल्याच दोन कारखान्यांच्या आधारे लिहितो. माझे मत आधीच सांगतो: मृताचे नाव, तो करत असलेले काम आणि मृत्यूचे खरे कारण या तिन्ही गोष्टी स्मारकावर असल्याच पाहिजेत.

पहिले उदाहरण नॉटिंगहॅमजवळच्या चिलवेलचे. तेथील तोफगोळे भरण्याच्या राष्ट्रीय कारखान्यात १ जुलै १९१८ रोजी संध्याकाळी सुमारे आठ टन टीएनटी या स्फोटकाचा स्फोट झाला आणि १३४ माणसे दगावली. त्यांपैकी केवळ ३२ जणांची ओळख पटू शकली. बाकीच्यांना जवळच्या ॲटनबरो गावातील चर्चच्या आवारात सामुदायिक कबरींत पुरण्यात आले. तेथील स्मारकाचे अनावरण १३ मार्च १९१९ रोजी, म्हणजे युद्ध थांबल्यावर चारच महिन्यांत झाले, ही तत्परता कौतुकाचीच आहे. पण त्यावरचा मजकूर वाचताना मन खट्टू होते. स्फोटांत प्राण गमावलेल्या स्त्री-पुरुषांच्या स्मरणार्थ, असे एक वाक्य आहे. त्याच्या जोडीला कारखान्याची पहिली कुदळ कधी पडली, पहिला गोळा कधी भरला, एकूण १,९३,५९,००० गोळे कसे भरले गेले आणि त्यांसाठी किती टन स्फोटके लागली, याचा तपशील आहे. या मजकुरात मृतांपैकी एकाचेही नाव नाही. ज्यांची प्रेतेसुद्धा ओळखता आली नाहीत, त्यांच्यासाठी दगडावरचे नाव हीच एकमेव खूण उरली असती.

दुसरे उदाहरण लीड्सच्या पूर्वेकडील बार्नबोचे, आणि मला ते अधिक शिकवणारे वाटते. या कारखान्यातील बहुसंख्य कामगार स्त्रिया होत्या. कामाला लागण्यापूर्वी त्यांना स्वतःचे कपडे बदलून कारखान्याचा झगा आणि टोपी घालावी लागे. ठिणगीच्या भीतीने केसांतल्या पिनाही बाहेर काढून ठेवाव्या लागत, काडेपेटी तर दूरच. टीएनटीमुळे त्यांची कातडी पिवळी पडत असे आणि त्यावरून लोक त्यांना कॅनरी पक्ष्याच्या नावाने ओळखत. ५ डिसेंबर १९१६ रोजी रात्रपाळी नुकतीच सुरू झाली होती. ४२ क्रमांकाच्या खोलीत साडेचार इंची गोळ्यांना फ्यूज, म्हणजे गोळा फोडणारी कळ, बसवण्याचे काम चाले: फ्यूज आधी हाताने बसवायचा, मग गोळा यंत्रावर ठेवून तो घट्ट आवळायचा. दहा वाजून सत्तावीस मिनिटांनी एक गोळा फुटला आणि ३५ स्त्रिया ठार झाल्या. अनेकींची ओळख गळ्यातल्या बिल्ल्यावरूनच पटली. विल्यम पार्किन नावाचा मेकॅनिक पुन्हा पुन्हा आत शिरून मुलींना बाहेर काढत राहिला. पुढे त्याला चांदीचे घड्याळ देऊन गौरवण्यात आले. थोड्याच वेळात त्याच खोलीत काम करायला इतर मुली आपणहून पुढे आल्या, आणि हे धैर्य मला रणांगणावरच्या धैर्याहून तसूभरही कमी वाटत नाही.

तरीही सेन्सॉरशिपमुळे वर्तमानपत्रांत या स्फोटाविषयी काहीच आले नाही. घरच्यांनी दिलेल्या निधनवार्तांत अपघाती मृत्यू एवढाच उल्लेख असे, आणि लोकांना खरी हकीकत १९२४ मध्ये कळली. शत्रूला कारखान्याचा पत्ता लागू नये म्हणून युद्ध चालू असताना मौन पाळले, हे समजू शकते. युद्ध संपल्यानंतरही ते सहा वर्षे चालू ठेवणे हा त्या कुटुंबांवरचा अन्याय होता, असे मी स्पष्टपणे म्हणेन. १९२५ मध्ये यॉर्क मिन्स्टर या मोठ्या चर्चमधील ‘फाइव्ह सिस्टर्स’ ही खिडकी पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या ब्रिटिश साम्राज्यातील स्त्रियांना अर्पण करण्यात आली. तिच्याजवळच्या ओक लाकडाच्या फळ्यांवर चौदाशेहून अधिक नावे आहेत, आणि त्यांत परिचारिकांच्या जोडीने दारूगोळा कामगार स्त्रियाही आहेत. बार्नबोच्या जागेला संरक्षित स्मारकाचा दर्जा मिळाला तो थेट २०१६ मध्ये.

आता आपल्याकडचे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ हे स्फोटके आणि कापूस वाहणारे जहाज फुटले. त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले आणि त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी त्याच दिवशी अग्निशमन सेवा दिन पाळला जातो, हे योग्यच आहे. त्या दिवशी मेलेल्या एकूण माणसांचा आकडा मात्र निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळा सांगितला जातो. ज्यांच्या नावापुढे हुद्दा होता त्यांची मोजदाद नीट झाली, हमाल आणि रोजंदार मजुरांची तशी झाली नाही.

म्हणून खडकीबाबत माझी सूचना अशी की निधी आणि जागा यांच्या आधी यादी हाती घ्यावी. कारखाना १८६९ पासूनचा आहे, तेव्हा हजेरीपट, नुकसानभरपाईच्या फायली, रुग्णालयांच्या आणि दफन-दहनाच्या नोंदी, कामगार संघटनांचे जुने अहवाल आणि वसाहतीतील वृद्धांच्या मुलाखती असे सगळे एकत्र ताडून पाहावे लागेल. कंत्राटी आणि तात्पुरत्या कामगारांची नावे मुद्दाम शोधावीत, कारण तीच आधी गळतात. प्रत्येक नावापुढे विभाग आणि काम लिहावे, मृत्यू स्फोटाने झाला की विषारी द्रव्यामुळे आलेल्या आजाराने, हेही लिहावे, आणि पुढे सापडणाऱ्या नावांसाठी शिळेवर जागा मोकळी ठेवावी. ती शिळा कारखान्याच्या कुंपणाबाहेर असावी, म्हणजे घरच्या माणसांना तेथे जाण्यासाठी पास काढावा लागणार नाही.