शाळांमधील सुधारणा शिक्षक संघटनांच्या विरोधामुळेच फसतात, हे खरे आहे का?

आपला प्रश्न असा आहे की, महाराष्ट्रात सरकारी शाळांसाठी नवी सुधारणा आली की शिक्षक मोर्चा काढतात आणि सरकार माघार घेते, तेव्हा दोष शिक्षकांना द्यावा की राजकीय नेतृत्वाला? मी २००३ मध्ये तीन हजार रुपये मानधनावर शिक्षणसेविका म्हणून लागले. आज ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातील जिल्हा परिषद शाळेत शिकवते, राहायला ठाणे पूर्वेला कोपरीत आहे आणि रोज आसनगाव लोकलने जाते-येते. मी संघटनेची सभासद आहे, मोर्चांतही चालले आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

संघटनांचा विरोध प्रत्येक वेळी योग्य होता, असे मी म्हणणार नाही. ग्रामविकास विभागाने २७ फेब्रुवारी २०१७ च्या शासन निर्णयाने जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या ऑनलाइन केल्या. अवघड क्षेत्र (दुर्गम गावे), विशेष संवर्ग (दिव्यांग, गंभीर आजारी असे शिक्षक), पती-पत्नी एकत्रीकरण असे निकष ठरले आणि शिक्षकाने पसंतीक्रमाने वीस शाळा भरायच्या, असा नियम झाला. त्या वेळी राज्यभर मोर्चे निघाले, त्यात मीही होते, कारण पहिल्या फेरीत अनेकांना घरापासून लांबच्या शाळा मिळाल्या. आज मागे वळून पाहताना मला वाटते की तो निर्णय चांगला होता. त्याआधी बदली हवी असेल तर कुणातरी पुढाऱ्याचे पत्र मिळवावे लागे, आणि ज्याच्या ओळखी नसत तो दुर्गम पाड्यावर वर्षानुवर्षे अडकून पडे. नियम पुढे दुरुस्त होत गेले, सरकारे बदलली, पण ऑनलाइन बदलीची पद्धत टिकली.

म्हणजे विरोध झाला तरी सुधारणा टिकू शकते. मग बाकीच्या का टिकत नाहीत? माझ्या मते त्याचे मोठे कारण नेतृत्वाच्या कार्यपद्धतीत आहे. २०१४ पासून शालेय शिक्षण खाते विनोद तावडे, आशिष शेलार, वर्षा गायकवाड, दीपक केसरकर आणि आता दादा भुसे अशा पाच मंत्र्यांकडे गेले. पहिलीत आलेले मूल दहावीला पोहोचेपर्यंत पाच मंत्री! प्रत्येकाने मनापासून काहीतरी सुरू केले, यात मला शंका नाही. पण जे सुरू झाले ते बहुतेक वेळा विधिमंडळात चर्चा होऊन नव्हे, तर शासन निर्णयाने सुरू झाले. आणि शासन निर्णयाची अडचण अशी की तो जितक्या सहज निघतो तितक्याच सहज दुसऱ्या शासन निर्णयाने रद्द होतो. तावडे यांच्या काळात, २०१८ मध्ये, महाराष्ट्र आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ स्थापन झाले, जिल्हा परिषदेच्या काही शाळा त्याला जोडल्या गेल्या, तेथील शिक्षकांनी नव्या अभ्यासक्रमासाठी खूप कष्ट घेतले आणि २०२० मध्ये नव्या सरकारने ते मंडळच बंद केले. मंडळ असावे की नसावे यावर मतभेद असू शकतात, परंतु त्या वर्गांतील मुलांचे त्या दोन वर्षांत काय भले-बुरे झाले, याची चर्चा निर्णयाच्या वेळी झालेली मला तरी ऐकू आली नाही.

गणवेशाचे उदाहरण मी जवळून पाहिले आहे. २०२४-२५ मध्ये ‘एक राज्य, एक गणवेश’ योजनेखाली कापड राज्यस्तरावरून खरेदी करून महिला बचत गटांकडून शिवून घ्यायचे ठरले. त्याआधी शाळा व्यवस्थापन समितीला एका गणवेशामागे ३०० रुपये मिळत आणि समिती जवळच्या बाजारातून, मुलांची मापे घेऊन, गणवेश आणत असे. आमच्याकडे स्वातंत्र्यदिनी मुले मागच्या वर्षीचेच कपडे घालून झेंड्यापुढे उभी राहिली. नंतर गठ्ठा आला. तिसरीतल्या एका मुलाच्या शर्टाच्या बाह्या मनगटाच्या पुढे लोंबत होत्या, पाचवीतल्या एका मुलीचा गणवेश घालतानाच काखेत उसवला. दुसऱ्या गणवेशाचे नुसते कापड मिळाले आणि शिलाईला १०० रुपये. त्या पैशांत शिवून द्यायला आमच्या भागातला शिंपी तयार होईना. पहिली तक्रार संघटनेने नव्हे, मुलांच्या आयांनी केली. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने गणवेशाचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे दिला. शिक्षण हक्क कायद्याने, म्हणजे २०१० पासून, ज्या समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात, त्या समितीला आधीच विचारले असते तर मुलांचे अर्धे वर्ष वाया गेले नसते.

त्याच सुमारास पाठ्यपुस्तकांत वहीची कोरी पाने घालण्याचाही प्रयोग झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये तो बंद झाला. हेतू दप्तराचे ओझे कमी करण्याचा होता, पण आमच्या मुलांना वह्या लागतच राहिल्या.

सर्वांत तीव्र वाद कमी पटाच्या शाळांवरून झाले, आणि तेथे शिक्षकांचा विरोध स्वार्थासाठी होता, हे मी मान्य करू शकत नाही. २०१७ मध्ये दहापेक्षा कमी मुलांच्या सुमारे १,३०० शाळा बंद करून मुलांना शेजारच्या शाळेत पाठवण्याचा निर्णय झाला. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या जवळजवळच्या शाळा एकत्र करून त्यांची एक समूह शाळा करण्याचा विचार पुढे आला, त्यासाठी तोरणमाळ आणि पानशेत येथील अशा शाळांचे दाखले दिले गेले. कागदावर दोन शाळांतले अंतर दोन किलोमीटर दिसते. शहापूर, मुरबाडकडच्या पाड्यांवर त्या दोन किलोमीटरमध्ये जुलै महिन्यात ओढा असतो, आणि सहा वर्षांच्या मुलीला कोणती आई तो एकटीने ओलांडू देईल? शाळा दूर गेली की आधी मुलींचे शिक्षण थांबते, हे मी गेल्या वीस वर्षांत पुन्हापुन्हा पाहिले आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये, तेही शिक्षकदिनी, अशा शाळांतील दोनपैकी एका शिक्षकाच्या जागी मानधनावर कंत्राटी नेमणूक करण्याचा निर्णय आला, तेव्हा २५ सप्टेंबरला राज्यभर शिक्षकांनी सामूहिक रजा घेतली. मुख्यमंत्री त्या वेळी माझ्याच मतदारसंघाचे आमदार होते. तरीही मी रजेचा अर्ज दिला, आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. पुढच्या वर्षी तो निर्णय रद्द झाला.

हिंदीच्या प्रश्नावर तर संघटनांपेक्षा समाजच पुढे होता. १६ एप्रिल २०२५ ला पहिलीपासून हिंदी अनिवार्य करणारा निर्णय निघाला, १७ जूनला त्यात बदल झाला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमली गेली. समिती आधी आणि निर्णय नंतर, हा क्रम इतका साधा असताना तो उलटा का होतो, हे मला आजवर कळलेले नाही.

आता नवा वाद पात्रता परीक्षेचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी दिलेल्या निकालानुसार, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या सेवेतील शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण व्हावे लागेल. माझ्या नेमणुकीच्या वेळी ही परीक्षाच नव्हती, आणि ज्यांना आधीच नोकरीत घेतले त्यांच्यावर नंतरची अट घालणे अन्यायाचे आहे, हे संघटनेचे म्हणणे मला पटते. परंतु परीक्षेलाच नकार द्यावा, हे पटत नाही. सरकारने प्रशिक्षण आणि अभ्यासाला वेळ द्यावा, एवढीच माझी मागणी आहे. सध्या मी सकाळच्या लोकलमध्ये बालमानसशास्त्राचे पुस्तक वाचते. कल्याणला गर्दी उतरली की आसनगावपर्यंत चांगला वेळ मिळतो.