वीजक्षेत्र स्पर्धेला खुलं केलं की घरगुती बिल कमी होतं का?

आपोआप तरी नाही. स्पर्धा होते ती फक्त विजेच्या खरेदी-विक्रीत. तारा, खांब, उपकेंद्रं यांचा खर्च म्हणजे वहन आकार, आणि वर कर, हे पुरवठादार कुणीही असला तरी भरावेच लागतात. म्हणजे बचत झालीच तर बिलाच्या एका तुकड्यात.

खरी मेख करारात असते. टेक्सासमध्ये २००२ पासून बहुतेक घरांना पुरवठादार निवडता येतो. फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळात तिथला घाऊक दर मेगावॉट-तासाला ९,००० डॉलरवर गेला, म्हणजे युनिटला ९ डॉलर! स्थिर दराचा करार असलेली घरं या भडक्यातून वाचली; ज्यांचा दर घाऊक बाजाराशी थेट जोडलेला होता, त्यांच्यापैकी काहींना हजारो डॉलरची बिलं आली. कडाक्याच्या थंडीत घर गरम ठेवल्याची ही किंमत मला तरी अन्यायाची वाटते.

ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षं पुरवठादार न बदलणाऱ्यांनाच चढा दर लागायचा. शेवटी जानेवारी २०१९ पासून तिथे अशा ग्राहकांसाठी कमाल दराची मर्यादा आणावी लागली.

तुमच्यावर निवडायची वेळ आली तर शक्यतो स्थिर दर घ्या, आणि मुदत संपल्यावर कोणता दर लागेल हे सही करण्याआधीच विचारा.